शेऱ्याचा रकाना

त्याला कोणी "कसा आहेस गा?" असं विचारलं तर तो "बरा आहे" असं कधी म्हणत नसे. आधी मनगटावरच्या घड्याळात पाहायचा, मग सांगायचा, "दहा वाजून पाच मिनिटं. गुडघा दुखते. कारन, काल सायकलची चेन तुटली, चार मैल पायी आलो." आणि पुढं चालू लागायचा. समोरच्या माणसानं तर नुसतं सहज विचारलेलं असायचं.

आम्ही त्याला रिमार्कबाबू म्हणत होतो. खरं नाव लिहीत नाही. तो असता तर म्हणाला असता, लिही. पण त्याची मुलं-नातवंडं आहेत, त्यांना न विचारता नाव टाकणं मला पटत नाही. पावर हाऊसचंही नाव सांगत नाही. नागपूरच्या आजूबाजूला आहेत त्यांपैकी एक समजा. मी चौथी पास. वाचायला शाळेत शिकलो, लिहायला रिटायर झाल्यावर. चूकभूल झाली तर झाली, माफी मागायची मला सवय नाही.

मी कोळशाच्या बेल्टवर होतो. वॅगनमधला कोळसा खाली पडायचा, बेल्टवरून वर बॉयलरकडं जायचा, आणि मधे आमची गँग फावडी घेऊन उभी असायची. तो वर, बॉयलरच्या फ्लोअरवर. त्याचं काम एकच. दर तासाला मीटरसमोर उभं राहायचं, रीडिंग घ्यायचं आणि लॉगशीटवर लिहायचं. स्टीम किती, पाणी किती, लोड किती. त्या शीटच्या उजव्या कडेला शेवटचा रकाना शेऱ्याचा असायचा. बाकीचे लोक तो कोरा सोडायचे, नाहीतर वरून खालपर्यंत एक रेघ ओढून 'ओके' लिहायचे. हा माणूस मात्र त्या रकान्यासाठीच कामावर येतो असं वाटायचं. आकडा जरासा खाली आला की याच्या कानावरची पेन्सिल निघालीच.

"आकडा आपल्या मनानं पडत नसते गा," तो म्हणायचा. "त्याले कोनीतरी पाडते. ते नाही लिहिलं तं बिचाऱ्या आकड्याची बदनामी होते."

ही खोड कामापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण तो लग्नाला जायचा तेव्हा पत्रिका खिशात ठेवायचा, आणि जेवून उठला की तिच्या मागच्या बाजूला लिहायचा: 'वरात दीड तास लेट. कारन, नवरदेवाचा फुफा रुसला. वांग्याच्या भाजीत मीठ नाही. कारन, आचारी दोन, चाखनारा एकई नाही.' एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी ती पत्रिका तो पोरीच्या बापाला नेऊन द्यायचा. कॉलनीतल्या निम्म्या घरांनी त्याला बोलावणं सोडलं होतं. त्याची बायको एकदा मला म्हणाली, "भाऊजी, माह्यावर रागावले तं बोलत नाहीत. काहून रागावलो ते भिंतीवर लिहून ठेवतात. मले वाचता येत नाही, मंग पोट्टीले हाक मारा लागते. ती वाचते आन हासते."

त्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. त्या घरात अक्षर लिहिणारा पहिला माणूस हाच. बापानं आयुष्यभर कागदांवर अंगठे दिले आणि एकाही कागदात काय आहे हे त्याला कोणी पूर्ण वाचून दाखवलं नाही, असं तो एकदाच बोलला होता. आम्ही भेटलो की मी राम राम म्हणायचो, तो जय भीम म्हणायचा. वीस वर्षांत त्यानं माझा राम राम घेतला नाही, मी त्याचा जय भीम घेतला नाही, आणि दोघांनीही त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. अडेल माणसाला अडेल माणूस बरा वाटतो.

आमची ओळख कशी झाली ते सांगतो. वैशाखातली दुपार. एकाएकी लोड पडला, वीज कमी निघू लागली. वर धावपळ, आरडाओरड. सांभाळलं कसंबसं. पण साहेबाला वर कळवायला कारण पाहिजे होतं. साहेब याला म्हणाला, "लिही, वेट कोल." म्हणजे ओला कोळसा. म्हणजे चूक बेल्टवरच्या गँगची, म्हणजे माझी. यानं लिहिलं: 'लोड पडला. कारन, रीडिंग घेनाऱ्याले डुलकी लागली.' आणि खाली सही केली, सहीपुढं वेळ टाकली. त्याची एक वेतनवाढ गेली.

मला कळलं तसा मी वर गेलो. हात जोडायला नाही, हात मी कोणाला जोडत नाही. पण माणूस पाहायला गेलो. म्हटलं, "बाबू, आमच्यासाठी तू आपल्या अंगावर घेतलं."

तो म्हणाला, "तुमच्यासाठी काहून घीन? वैशाखात कोळसा ओला असते का? सुका होता तो. त्याच्या नावानं खोटं कसं लिहू?"

असा तो होता. आता माझ्या घरची गोष्ट सांगायला पाहिजे, कारण ती सोडून त्याच्याबद्दल लिहिलं तर ते अर्धं होईल.

माझी थोरली पोरगी शोभा. तिच्याखाली दोन लहान पोरं. शोभा नववीपर्यंत वर्गात पहिली. हेडमास्तर मला बाजारात थांबवून सांगायचे, "हिला सायन्सला घाला, ही डॉक्टर होईल." मी 'हो' म्हणायचो आणि कोळशानं काळे झालेले हात मागं घ्यायचो. शोभा दहावीत गेली आणि दिवाळीच्या तोंडावर तिच्या आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं गेल्यासारखंच झालं.

बायकोचा भाऊ नागपुरात धरमपेठेत राहायचा. सरकारी कचेरीत क्लार्क. तो टॅक्सी घेऊन आला. म्हणाला, "ताईले मी नेतो जवाई. तिची वहिनी घरीच राहते, दवाखाना जवळ आहे. पोरीचं दहावीचं वर्ष आहे, तिले मोकळं करा."

गोष्ट सरळ होती. पण काही वर्षांआधी याच साळ्यानं एका जेवणाच्या पंगतीत माझ्या हातांकडं पाहून म्हटलं होतं, "धुतले का तुमी? की असेच असतात?" सगळी पंगत हसली होती. तेव्हापासून मी त्याच्या घराची पायरी चढलो नव्हतो. मी म्हटलं, "माह्या बायकोले मी पाहीन. टॅक्सी वापस ने."

पाहिलं कोणी? शोभानं.

दहावीचा निकाल लागला. सेकंड क्लास, तोही काठावरचा. गणितात अडतीस.

तिला नागपूरच्या एका जुन्या कॉलेजात जायचं होतं. तिथं सायन्सच्या यादीत मोठमोठ्या मार्कांचीच पोरं. यादी लागली, तिचं नाव नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "काही जागा प्रिन्सिपॉलच्या हातात असतात. घरची अडचण लिहून अर्ज करा, स्वतः जाऊन भेटा." मला ते आवडलं नाही. घरची अडचण लोकांपुढं वाचायची, म्हणजे भीक मागितल्यासारखंच. पण पोरीनं त्या दिवसापासून नीट जेवण सोडलं होतं.

मी मार्कशीट घडी करून खिशात घेऊन फिरत होतो. एका दुपारी कँटीनमधे त्यानं ती मागितली. पाहिली, उलटी करून पाहिली, उजेडात धरून पाहिली.

"शेऱ्याचा रकाना कुठी आहे?"

"मार्कशीटले शेरा नसते बाबू."

"काहून नसते? पोरगी वरून एवढी खाली आली आन कारन लिहाले जागाच नाही? कोनं छापला हा कागद?" तो इतक्या जोरात बोलला की चहावाला वळून पाहायला लागला. "हे तं नुसतं पोरीच्या नावानं बोंबलनं झालं!"

मी म्हटलं, "हळू बोल बे."

"रविवारी येतो घरी," तो म्हणाला. "वैनीले सांगून ठेव."

रविवारी तो आला. घरून पट्टीनं रेघा मारून चोवीस ओळींचे दोन कागद आणले होते, मधे कार्बन. कंपनीची कोरी शीट काहून आणली नाही विचारलं तर म्हणाला, सरकारी कागद घरच्या कामाला चालत नाही. बायकोच्या खाटेजवळ लाकडी पेटीवर बसला, चष्मा लावला, आणि शोभाला समोर उभं केलं.

"चार वाजता?"

"उठते. पानी भरते काका. नळ चारलेच येते."

"अभ्यास?"

"नाही."

त्यानं शून्य लिहिलं. "पाच?"

"बाबांचा डबा. फर्स्ट शिफ्ट असन तं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभा होतो, मी वर छपराच्या कवेलूंकडं पाहिलं.

"सहा?"

"आईले कूस बदलून देते. नाही तं पाठीले जखम होते."

"दिवसातून एकदा?"

"नाही काका, दर दोन घंट्यानं."

तो एकेक ओळ खाली येत होता. कुठंच हळहळ नाही, "अरे रे" नाही, "बिचारी" नाही. मीटर वाचावा तसा तो माझ्या पोरीला वाचत होता. आणि तीही तशीच सांगत होती. मधेच हसून म्हणाली, "काका, सातच्या ओळीत दोन कामं लिहा. भाकरी करता करता इतिहास पाठ करते. म्हनून भाकरी जळते आन इतिहासात मार्क आहेत."

"जळालेल्या भाकरी किती?"

"ते नका लिहू."

"लिहा लागते," तो म्हणाला, आणि लिहिलं.

मग शाळेची वेळ आली. "मधल्या सुट्टीत?"

"घरी येते. आईले जेवू घालते. अर्धा घंटा लागते, तोंडातून सांडते तिच्या. मंग लुगडं बदलते."

"आन सुट्टीनंतरचा तास?"

"तो बुडते."

"कायचा असते?"

"गणिताचा."

"रोज?"

"रोज."

त्यानं अडतीसचा आकडा लिहिला आणि त्या आकड्यापासून मधल्या सुट्टीच्या ओळीपर्यंत बाण काढला. मी त्याच घरात राहत होतो. सुट्टीनंतर गणिताचा तास असतो हे मला त्या दिवशी कळलं.

चोवीस ओळी संपल्या. अभ्यासाच्या रकान्याची बेरीज केली तर सगळा मिळून सवा तास निघाला, तोही तुकड्या-तुकड्यांत. मला वाटलं झालं. पण त्यानं पेटी खाटेकडं सरकवली आणि बायकोला म्हणाला, "वैनी, आता कारनं तुमी सांगा."

तिचं बोलणं समजून घ्यायचं मी केव्हाच सोडलं होतं. शोभा समजायची, ती मला सांगायची, तेवढं पुरत होतं. ती काहीतरी बोलली. "नाही समजलं, वैनी. पुन्हा." ती पुन्हा बोलली. "अजून एकदा." पाचदा, सहादा. तिच्या कपाळावर घाम आला, डाव्या हातानं ती खाटेची दोरी ओढत होती. मी म्हटलं, "राहू दे बाबू, काहून त्रास देतं तिले?" त्यानं हात वर करून मला गप्प केलं. शेवटी म्हणाला, "समजलं." आणि लिहिलं.

मग कागद माझ्या हातात दिला. "वाच. वाचून सही कर. सहीपुढं वेळ टाक."

खाली लिहिलं होतं: 'मार्क पडन्याची कारनं. एक, आईले लकवा. दोन, बापाचा हट्ट. मामा आईले धरमपेठले न्याले तयार होता, बापानं नाही म्हटलं.'

"हे कोनं सांगितलं?"

"वैनीनं."

"तिले बोलता येते का?"

"येते. आयकाले वेळ लागते."

"दोन नंबर खोड."

"खोडत नाही."

"माह्या घरात बसून माह्याच नावानं शेरा देतं बे?"

"माह्या नावानंई देल्ला होता मी," तो शांतपणे म्हणाला. "हे पाय भाऊ. लकवा आपल्या हातात नाही. दोन नंबर हातात आहे. म्हनून तोच कामाचा शेरा आहे. एक नंबर नुसता वाचून साहेब काय करन? हळहळ करन."

मी म्हटलं, "निघ."

त्यानं वरचा कागद खाटेवर ठेवला, कार्बनखालचा घडी करून खिशात घातला. बायकोला "येतो वैनी" म्हणाला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीचं पातं घेतलं आणि पट्टी लावून दोन नंबरची ओळ कापून टाकली. शोभा पाहत होती. मी पातं उंचावर ठेवलं की नाही तेवढं तिनं पाहिलं. घरात लहान पोरं होती.

कॉलेजात आम्ही दोघं गेलो. प्रिन्सिपॉल म्हातारे, साधे, स्वतः उठून खुर्ची देणारे. मी बसलो नाही. त्यांनी कागद घेतला आणि चोवीसच्या चोवीस ओळी वाचल्या. बाणापाशी बोट ठेवलं.

"हे कोणी केलंय?"

"आमच्या पावर हाऊसमधला एक मानूस आहे."

"असा अर्ज मी आजवर पाहिला नाही." मग ते खाली आले. कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "इथं कारणाला एक असा नंबर दिलाय. मग दोन कुठंय?"

"दोन नाही, साहेब."

त्यांनी शोभाकडं पाहिलं. "मुली, दोन काय होतं?"

पोरगी माझ्याकडं पाहत नव्हती. टेबलावरच्या दौतीकडं पाहत होती. म्हणाली, "दोन नव्हतं, सर."

त्यांनी चष्मा काढला. "मग मला एक सांगा. आईचा आजार अजून आहे. कदाचित राहणार आहे. इथं दिवसभर वर्ग, दुपारी प्रॅक्टिकल. घरी त्यांना कोण पाहणार?"

"पाहू आमी."

"कोण?"

याचं उत्तर मी कापून घरी ठेवून आलो होतो.

"मुलगी हुशार आहे, हे मला या कागदावरूनच दिसतंय," ते म्हणाले. "पण कारण जसंच्या तसं असेल तर अकरावीत ती पुन्हा पडेल, आणि या वेळी दोष माझा असेल. घरी काही व्यवस्था होत असेल तर सांगा. नसेल तर मला माफ करा."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी तिला म्हटलं, "तू काहून नाही सांगितलं? सांगितलं असतं तं भेटली असती जागा."

ती म्हणाली, "सांगितलं असतं तं तुमी घरी जाऊन आईशी बोलले नसते. तिनं सांगितलं म्हनून. ती दिवसभर वाट पाहते, तुमी कधी बोलान याची."

सिताबर्डीपासून घरापर्यंत मी बसमधे उभाच राहिलो. जागा होती.

दुसऱ्या दिवशी कँटीनमधे त्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "नाही झालं." "दोन नंबर होता ना?" "कापला." तो चहा तसाच ठेवून उठला. मला वाटलं, विषय संपला.

त्याच्या पुढच्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला होतो. साडेबाराला गेटवरून निरोप आला, कोणी बोलावते. जाऊन पाहतो तर हा. रजेवर होता. अंगात लग्नातला कोट, घामानं भिजलेला. सकाळच्या पहिल्या बसनं धरमपेठला गेला होता, माझ्या साळ्याकडं. पत्ता माझ्या बायकोनं त्या रविवारीच सांगितला होता. तिथून कॉलेज. तिथून इथं. कार्बनची शीट त्यानं गेटच्या गजांतून आत दिली. दोन नंबरच्या ओळीखाली साळ्यानं लिहिलं होतं: 'बहिणीला वर्षभर माझ्याकडे ठेवण्यास तयार आहे.' खाली सही आणि वेळ.

"प्रिन्सिपॉल काय म्हनते आयक," तो भराभरा बोलत होता. "बापानं सही केली तं पोरीले घेतो म्हनते. एकच जागा उरली आहे, बाहेर आनखी दोघं बसून आहेत. लवकर आना म्हनाले. एकची बस पकडतो मी. सही कर."

जेवणाची सुट्टी होती. माझी गँग भिंतीला टेकून डबे उघडून बसली होती, दहा माणसं. एकजण म्हणाला, "काय आहे भाऊ? रिमार्कबाबूनं आता तुमच्यावर रिमार्क देल्ला का?" दुसरा उठून वाचायला आला. सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, रोजचंच होतं. पण माझ्या कानात ती जुनी पंगत हसली.

मी शीट परत गजांतून बाहेर दिली. "ड्यूटी आहे. दोन वाजता सुटतो, तेव्हा पाहू."

"दोनले उशीर होईन गा."

"मंग होऊ दे."

"भाऊ," तो म्हणाला. मी वळलो आणि आत गेलो.

तो कुठं गेला नाही. दीड तास गेटबाहेर उन्हात बसून होता. मला बेल्टवरून दिसत होता. मला तेव्हाच माहीत होतं की मी सही करणार आहे. फक्त त्याच्यासमोर, त्या दहा जणांसमोर, त्याच्या घड्याळाप्रमाणं करायची नव्हती. माझ्या वेळेला करायची होती. हे असं कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण माणूस एवढ्याशासाठी पोरीचं आयुष्य थांबवून ठेवतो. मी ठेवलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी सही केली. वेळ टाकली. दोघं मिळून बस पकडली. कॉलेजात पोचलो तेव्हा प्रिन्सिपॉल निघून गेले होते. क्लार्कनं रजिस्टर मिटलं होतं. त्यानं आमची शीट पाहिली, माझी सही पाहिली आणि म्हणाला, "तुम्हीच का ते? साहेबांनी तीन वाजेपर्यंत वाट पाहिली तुमची. मग दुसऱ्याला दिली."

बाहेर ठेल्यावर आम्ही चना-पोहे घेतले. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. पोह्यावरचा तर्रीचा रस्सा आंबला होता. त्यानं शेरा न देता सगळं खाल्लं. मलाच राहवलं नाही. म्हटलं, "लिही ना. तीन नंबर लिही. बापानं दीड तास लावला. लिही, मी सही करतो. आत्ता करतो."

त्यानं शीट माझ्या हातात दिली. "शीट बंद झाली भाऊ. वेळ गेल्यावर जो लिहितात, तो शेरा नसते."

पुढच्या रविवारी मी साळ्याच्या घराची पायरी चढलो. त्यानं पाणी दिलं, मागचं काही काढलं नाही. बायको तिथं दीड वर्ष राहिली, तिथंच गेली. जाताना बोलणं बरंच सुधारलं होतं तिचं. शोभा आमच्या भागातल्याच कॉलेजात आर्ट्सला गेली.

तो नंतर माझ्या घरी कधी आला नाही, मी बोलावलंही नाही. कामावर राम राम आणि जय भीम चालू होतं. रिटायर झाल्यावर चार वर्षं जगला, छातीनं गेला. दवाखान्यात खाटेच्या पायाशी तापाचा तक्ता टांगलेला असतो, त्यावर यानं नर्सची नजर चुकवून लिहून ठेवलं होतं म्हणतात: 'आज बरं वाटते. कारन, माहीत नाही.' कारण माहीत नाही असा शेरा त्यानं आयुष्यात तेवढा एकच दिला असेल.

शोभा प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, आता रिटायर आहे. प्रताप नगरात तिच्याच घरी मी राहतो. तिच्या हाताखालून गेलेल्या दोन पोरी डॉक्टर झाल्या. सणासुदीला येतात, तिच्या पाया पडतात, माझ्याही पडतात. मागच्या खेपेला त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, गणित एवढं छान शिकवत होत्या तुम्ही, मग स्वतः सायन्सला काहून नाही गेल्या?"

शोभा चहाचे कप उचलत होती. म्हणाली, "मार्क कमी पडले वं मले."

मी तिथंच, समोरच्या खुर्चीवर बसलो होतो.